नव्या गाडीच्या रंगासाठी फिल्म, सिरॅमिक की काहीच नको? सल्ला हवा

मोरपंखी:

नमस्कार मंडळी,

नवी गाडी लवकरच हातात येते आहे. रंग गडद निळा, मेटॅलिक. निदान आठ-दहा वर्षं तीच वापरायची असं ठरवलंय, त्यामुळे रंग टिकावा असं मनापासून वाटतं. शोरूमने एक यादी पुढे ठेवली आहे. टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग, ग्राफीन कोटिंग, फक्त पुढच्या भागाला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) आणि संपूर्ण गाडीला पीपीएफ. कशाबद्दलही विचारलं तरी उत्तर एकच, "हे करून घ्या, रंगाची काळजी मिटली." शिवाय गाडी ताब्यात देण्याआधीच करून घ्यायला हवं, नंतर उपयोग नाही, असा आग्रह चालला आहे.

माझा वापर असा: रोजची ये-जा हमरस्त्याने, पुढे बरेचदा खडी-वाळूचे ट्रक. रात्री गाडी उघड्यावर, झाडाखाली. धुणार मात्र मी स्वतः, मला ते आवडतं.

यातलं नेमकं काय कशासाठी असतं आणि माझ्या वापराला काय लागेल, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

रानवाट:

खडीचे ट्रक रोज पुढे असतील तर बॉनेट आणि पुढच्या बंपरला फिल्म लावाच. बाकीचं सावकाश ठरवता येईल. "नंतर उपयोग नाही" यावर विश्वास ठेवू नका. कारखान्यात रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो, महिन्याभराने फिल्म लावली तरी काही बिघडत नाही. फक्त तोवर पुढच्या ट्रकपासून भरपूर अंतर ठेवा.

चकाकी:

मोरपंखी, मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा-सातवा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. गाडीची चमक त्याच्यामुळे, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तोही हाच. ओरखडे घालवायला पॉलिश करतात तेव्हा याच थराचा थोडा भाग घासून काढतात. तो परत वाढत नाही. म्हणून नवी गाडी "चमकवून देतो" असं कुणी म्हटलं तर आधी विचारा, कशासाठी?

आता फिल्म. चांगली पीपीएफ थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, थोडक्यात टीपीयूची असते. जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या सगळ्या रंगथरांपेक्षाही जास्त. ती लवचीक असते, खडा आदळला की धक्का स्वतः सोसते आणि रंगाचा टवका उडत नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून अशा फिल्म सैन्यात वापरल्या गेल्या, गाड्यांवर त्या नंतर आल्या. फिल्मच्या अगदी वरच्या थरात बारीक चरे उष्णतेने भरून येतात, उन्हात उभी केली किंवा कोमट पाणी ओतलं तरी. पण फिल्म आरपार कापली गेली तर ती जखम भरत नाही. तो तुकडा बदलावा लागतो.

सिरॅमिक कोटिंगचं काम पूर्ण वेगळं. ते सिलिकाच्या जातीचं द्रव रसायन, वाळल्यावर थर उरतो साधारण एक-दोन मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी. एवढ्या थराने खडा अडेल अशी अपेक्षाच करू नका. पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल-धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, रंग खुलून दिसतो, रसायनांपासून थोडं संरक्षण मिळतं. एवढं ते खरोखर करतं आणि त्यासाठी ते चांगलं आहे.

"९एच कठीणपणा" ऐकून बरेच जण फसतात. ती पेन्सिलची चाचणी आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने पृष्ठभागावर ओढून बघतात, आणि ९एच ही त्या मालिकेतली सगळ्यात कठीण पेन्सिल. खनिजांच्या मोह्स मोजपट्टीशी तिचा संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतो, मोह्सवर त्याचा कठीणपणा ७. कोरड्या फडक्याने धूळ पुसलीत तर कोटिंग असलं तरी ओरखडे उठणारच.

टेफ्लॉनबद्दल एकच सांगतो. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, ते वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला. तव्यावर ते पक्कं बसतं कारण तिथे भट्टीत तेवढी उष्णता देतात. गाडीला तेवढी उष्णता देणं शक्यच नाही. त्यामुळे त्या नावाने जे लावतात ते काही महिने टिकणारं पॉलिशच समजा. ग्राफीन नावाची बहुतेक कोटिंग्ज मुळात सिरॅमिकच असतात, त्यात ग्राफीन ऑक्साइड मिसळलेलं. नाव बघून वेगळा चमत्कार अपेक्षू नका.

झाडाखाली गाडी लावता, त्याबद्दल. पक्ष्यांच्या शिटेत युरिक आम्ल असतं. ऊन लागलं की क्लिअर कोट तापून मऊ होतो, शीट मात्र वाळून घट्ट होते आणि गाडी थंड झाली की तिचा ठसा रंगात राहतो. फिल्म असेल तर ठसा फिल्मवर पडतो, कोटिंग असेल तर थोडा जास्त वेळ मिळतो. पण शीट दिसली की काढणं कुठल्याच उपायाने टळत नाही. डिकीत पाण्याची फवारणीची बाटली आणि स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा. ओलं फडकं काही मिनिटं तसंच ठेवायचं, शीट भिजली की उचलून घ्यायची. खरवडायची नाही.

सावकाश:

चकाकीदादांनी छान लिहिलंय. मी दुसरी बाजू मांडतो: संपूर्ण गाडीला फिल्म घेऊ नका. छपराला आणि मागच्या दाराला खडा कितीसा लागणार? आणि फिल्म काही कायमची नसते. बहुतेकांची हमी पाच ते दहा वर्षांची असते. मुदत संपल्यावरही तशीच ठेवली तर ती ठिसूळ होते, काढताना तुकडे पडतात आणि गोंद रंगावर राहतो. म्हणजे संपूर्ण गाडीची फिल्म घेतली की कधीतरी संपूर्ण गाडीची फिल्म काढण्याचं कामही आलंच.

आणखी एक, याचा फार कमी लोक विचार करतात. पुढच्या भागात बंपर आणि बॉनेट यांचं महत्त्व सारखं नाही. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज लागत नाही, पुन्हा रंगवून घेणंही सोपं. बॉनेट बहुतेक गाड्यांत पत्र्याचं. कारखान्यात पत्र्यावरचा रंग साधारण १४० अंशांना भाजतात. नंतर गॅरेजमध्ये तेवढं तापवता येत नाही, कारण गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक सगळं बसलेलं असतं. तिथे ६०-७० अंशांवर भागवतात, त्यासाठी रंगही वेगळा वापरतात. गॅरेजचं काम उत्तम होऊ शकतं, पण कारखान्याचा मूळ रंग एकदा गेला की गेला. खर्चाला मर्यादा असेल तर बॉनेट, पुढचे फेंडर आणि आरशांच्या पाठी आधी झाका, बंपर त्यानंतर.

अबोली:

मॅट रंगाची गाडी घेणाऱ्या कुणाच्या नजरेस हा धागा पडला तर: मॅट रंगाला पॉलिश करता येत नाही, घासला की तिथे चकाकी येते आणि ठिपका कायमचा दिसतो. तिथे मॅट फिल्मचा विचार जरूर करावा. मोरपंखीच्या गाडीला ते लागू नाही.

मोरपंखी:

खूप आभार सगळ्यांचे. चित्र बरंच स्पष्ट झालं. पुढच्या भागाला फिल्म हे जवळपास नक्की. आता कारागीर कसा निवडायचा आणि त्याला काय विचारायचं? गाडीला पार्किंग सेन्सर आणि पुढे रडार आहे, त्यांना फिल्म आड येईल का? आणि फिल्म लावायची तर सिरॅमिक आधी की नंतर?

चकाकी:

सुरुवात शोरूमपासून करा. गाडी ताब्यात घेण्याआधी लेखी सांगा की गाडी धुऊ नका, पुसू नका, आहे तशी द्या. आवारात एकाच फडक्याने दिवसभर गाड्या पुसल्या जातात आणि गडद रंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. ते फिल्मखाली गेले की घालवायला फिल्मच काढावी लागते.

मग रंगाची जाडी मोजून घ्या. चांगल्या कारागिराकडे त्याचं छोटं यंत्र असतं, पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. सगळीकडे ११०-१३० आणि एकाच दारावर २५० दिसलं तर ते दार वाहतुकीत लागून पुन्हा रंगवलं असण्याची दाट शक्यता आहे. नव्या गाडीत असं होऊ शकतं. अशा भागावर काही आठवडे फिल्म लावू नये, आतली द्रावकं उडून जाऊ द्यावी लागतात. आणि पुढे फिल्म काढताना कच्चा रंग तिच्याबरोबर निघून येऊ शकतो. बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही, प्लास्टिक आहे ते.

फिल्मचं नाव विचारा आणि रोल स्वतः बघा. टीपीयू आहे की पीव्हीसी, हे बिलावर लिहून घ्या. "टीपीएच" नावाने जे विकतात ते बहुधा पीव्हीसीच. ते ताठर असतं, लवकर पिवळं पडतं आणि चरेही भरून येत नाहीत. टीपीयूतही दोन प्रकार आहेत. अ‍ॅरोमॅटिक प्रकार उन्हाने पिवळा पडतो, अ‍ॅलिफॅटिक टिकतो. तुम्हाला अ‍ॅलिफॅटिक हवी.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: फिल्म कापता कशी? तुमच्या मॉडेलचा नमुना संगणकावरून प्लॉटरने कापून आणतात की गाडीवर अंथरून ब्लेडने कापतात? गाडीवर कापण्यात तरबेज माणसं आहेत, पण ब्लेड किंचित खोल गेलं की रंगावर कायमची रेघ, आणि तिथूनच पुढे गंज. बॉनेटच्या कडा आतपर्यंत दुमडणार की कडेच्या अलीकडे थांबणार, हेही विचारा. दुमडलेली कड सुटत नाही आणि तिच्यात मळही साठत नाही. त्यांच्याकडच्या, वर्षभर तरी जुन्या झालेल्या गाडीच्या कडा बघायला मिळाल्या तर उत्तमच. काम बंदिस्त जागेत चालतं का ते डोळ्यांनी बघा, उघड्या शेडमध्ये धुळीचे कण फिल्मखाली अडकतात.

सेन्सर: बंपरवरच्या गोल पार्किंग सेन्सरवर फिल्म नको, तिथे भोक कापलेलं असावं. रडार कुठे बसवलंय आणि त्याच्यासमोर काही चिकटवायची परवानगी आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत शोधा. पुस्तिकेत मनाई असेल तर तेवढा भाग मोकळा सोडायला सांगा.

हमीचा कागद पूर्ण वाचा. पिवळेपणा, तडे, फुगे यांची हमी असते. खड्याने फाटली तर नसते. फिल्म बदलून देताना मजुरी कोण देणार, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. सिरॅमिकच्या हमीत बहुतेकदा दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणीची अट असते.

सिरॅमिक नंतर, फिल्म आधी. कोटिंगच्या निसरड्या पृष्ठभागावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही, कडा सुटतात. फिल्म सुकून बसल्यावर तिच्यावर आणि उरलेल्या गाडीवर कोटिंग लावलं तर धुणं सोपं जातं. तुम्ही स्वतः धुणार आहात, तेव्हा तुम्हाला त्याचा आनंद मिळेल. पण एक लक्षात घ्या, कोटिंग असलेल्या गाडीवर पाण्याचे थेंब उभे राहतात आणि उन्हात तसेच वाळले की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे डाग सोडतात. गडद निळ्यावर ते लगेच डोळ्यांत भरतात. धुतल्यावर टॉवेलने टिपून घ्या, गाडी उन्हात वाळू देऊ नका.

रानवाट:

पुढच्या भागाबरोबर दारांच्या कडा, हँडलमागच्या वाट्या आणि डिकीचा उंबरठा घेता आला तर घ्या. नखं, अंगठ्या, बॅगा सगळ्या तिथेच घासतात. तुकडे लहान असतात, कामही थोडं.

मोरपंखी:

मग असं करते: बॉनेट, फेंडर, आरसे आणि बंपरला टीपीयू फिल्म. त्याबरोबर रानवाट म्हणतात ते छोटे तुकडे. काही आठवड्यांनी वरून सिरॅमिक. शोरूमला आजच ईमेल करून सांगते की गाडी पुसू नका आणि यादीतलं काहीही करू नका. फिल्म लावल्यावर पहिल्यांदा कधी धुवायची? मी प्रेशर वॉशर घेणार आहे, तो चालेल ना?

चकाकी:

आठवडाभर धुऊ नका. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवत लावतात, त्यामुळे सुरुवातीला खाली पाण्याचे फुगे आणि धूसर पट्टे दिसतील. काही दिवसांत, थंड हवेत काही आठवड्यांत ते आपोआप जातात. सुईने टोचू नका. ज्यात बोटाला कण लागतो तो फुगा धुळीचा, तो मात्र कारागिराला दाखवा.

प्रेशर वॉशर चालेल. तोटी निदान हातभर लांब धरा आणि फिल्मच्या कडेवर तिरका फवारा मारू नका, पाणी खाली शिरून कड उचलली जाते. आधी नुसत्या पाण्याने माती उतरवा, मग पीएच न्यूट्रल शॅम्पू. दोन बादल्या घ्या, एकीत शॅम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. चाकांना वेगळं फडकं, ते गाडीच्या अंगाला कधीच लावायचं नाही.