बिरुदांचा उगम जाहिरातीत नाही

जपानचे 'उगवत्या सूर्याचा देश', आयर्लंडचे 'पाचूचे बेट' अशी देशांची आणि शहरांची बिरुदे पर्यटन खात्यांनी प्रचारासाठी घडवली, असे एका वाचकाने प्रतिसादात म्हटले आहे. ते मला अजिबात पटत नाही. इ.स. ६०७ मध्ये जपानच्या दरबाराने चीनच्या सुई घराण्यातील सम्राटाला धाडलेल्या पत्राची सुरुवातच 'जेथे सूर्य उगवतो तेथील स्वर्गपुत्राकडून, जेथे सूर्य मावळतो तेथील स्वर्गपुत्रास' अशा आशयाची होती, आणि बरोबरीचा हा दावा सम्राटाला रुचला नाही, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. शिवाय सूर्य जपानमध्ये उगवतो तो चीनच्या बाजूने पाहिले तरच, हेही ध्यानात घ्यावे. आयर्लंडचे 'पाचूचे बेट' हे नाव रूढ झाले ते विल्यम ड्रेनन यांच्या १७९५ च्या कवितेमुळे. बेलफास्टमध्ये जन्मलेले हे डॉक्टर 'युनायटेड आयरिशमेन' या राजकीय संघटनेच्या संस्थापकांपैकी होते, त्यामुळे ती कविता निव्वळ निसर्गवर्णन म्हणून वाचणे अन्यायाचे ठरेल. आपल्या पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात तेही १८८५ च्या फर्ग्युसन महाविद्यालयासारख्या संस्थांच्या बळावर. रोमला 'शाश्वत नगरी' म्हणणारा तिबुलस तर इ.स.पूर्व पहिल्या शतकातला कवी.