घरातले सरकते दरवाजे : तुमचे अनुभव लिहा

मीनल_
काल खालच्या मजल्यावर सुतारकाम चालू होतं. बाथरूमचं दार काढून स्लायडिंग लावत होते. तिथल्या आजी वॉकर धरून बघत उभ्या होत्या आणि मला एकदम सासरे आठवले. त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या बाथरूमचं दार आत उघडायचं. वॉकर आत नेला की दार लागेना. मग पडदा लावून भागवलं. पाहुणे आले की आधी सदरा चढवणारा माणूस तो, पडद्याआड किती अवघडत असेल! शेवटी मिस्त्रींनी बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या वर, चॅनल (ज्यात दाराची चाकं धावतात ती खाच) ठोकून टांगतं दार करून दिलं. खाली पट्टी नाही, त्यामुळे वॉकर अडत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः दार ओढून घेतलं, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.
घरात वय झालेलं माणूस असेल तर बाथरूमला सरकतं दार कराच, आजारपणाची वाट बघू नका. तुमच्याकडे कुठे आहेत? बरंवाईट सगळं लिहा.

स्नेहांकिता
वाचून डोळे भरले गं. बाबांचं असंच झालं होतं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

फिजिओ_ताई
आतून कडी असेल तर ती बदला. बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक मिळतं, ते लावा. आत उघडणाऱ्या दाराचा खरा धोका वेगळाच: माणूस आत पडला तर दार त्याच्याच अंगावर अडतं, आत शिरायला जागाच राहत नाही. सरकत्या दाराला ती भीती नाही. आणि मोकळी रुंदी ९०० मिमी ठेवा, पुढेमागे व्हीलचेअर लागली तरी जाते. जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमला बहुधा अडीच फुटीच दार असतं, चौकट धरून आणखी कमी.

रत्नांग्री
आमच्याकडे आषाढ लागला की दारं फुगतात. आजोबा रंधा काढूनच बसायचे. टांगत्या दाराला खाली फट असते म्हणून ते घासत नाही, हे खरं. पण समुद्राजवळ साध्या लोखंडी चाकांना गंज चढतो नि दार ओढताना अख्खं घर जागं होतं. नायलॉनची चाकं मागा. बाथरूमला प्लाय घेणार असाल तर ७१० मार्कवाला (पाण्याला टिकणारा, मरीन प्लाय), नाहीतर सरळ ॲल्युमिनियम.

गोडलिंबू
स्वयंपाकघर नि हॉलमध्ये काचेचं केलंय. उजेड येतो, पोरं दिसतात, झकास. पण ठसक्याची फोडणी घातली की हॉलमधले सगळे खोकतात. कडेच्या फटीतून वास जातोच. वास अडवायला म्हणून कुणी करणार असाल तर नका करू.

स्नेहांकिता
गोडलिंबू, ब्रश पट्टी लाव कडेने. कमी होतो जरा. आवाज मात्र अडत नाही, आमच्या लेकीच्या बारावीला फार त्रास झाला.

गोडलिंबू
बारावी झाली? काय घेतलं पुढे?

स्नेहांकिता
आर्किटेक्चर :) आता घरातल्या प्रत्येक दाराला नावं ठेवते.

तोक्योवासी
इथे जपानमध्ये जुन्या धाटणीच्या घरात राहतोय. दोन खोल्यांमध्ये जाड कागदाची अपारदर्शक फुसुमा, खिडकीकडे पातळ कागदाची शोजी. सगळी लाकडी खोबणीतून सरकतात, चाकं नाहीत. जड झालं की खोबणीत मेणबत्ती घासायची. गणपतीला माणसं जमतात तेव्हा दार वर उचलून खालची कड पुढे ओढतो, अख्खं दार हातात येतं. दोन खोल्यांचा एक हॉल, आरतीला सगळे मावतात! धाकट्याने शोजीला बोटांनी भोकं पाडलीत. इथे तो कागद घरीच बदलतात. जुना पाण्याने भिजवून काढायचा, नवा खळीने लावायचा. यंदा आम्ही दोघांनी मिळून लावला, मला फार आवडलं ते काम.

रत्नांग्री
खळ! आजी पतंगाला करायची ती. फोटो टाका ना.

अप्पा६७
विषयाला सोडून आहे, पण वॉकरच्या पायांची रबरं अधूनमधून बघत जा. झिजली की ओल्या लादीवर सटकतो. सर्जिकल सामानाच्या दुकानात सुटी मिळतात. हिच्या वॉकरची मी बदलली.

मीनल_
अप्पा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. काकू कशा आहेत आता?

अप्पा६७
बरी आहे. सकाळी गॅलरीपर्यंत येते, तुळशीला पाणी घालते.

वेदा
घाईत विचारतेय. आईच्या खोलीला करायचंय. भिंत साडेचार इंची, बाजूला स्विचबोर्ड. जमेल का?

फिजिओ_ताई
चॅनल दाराच्या साधारण दुप्पट लांब लागतो, म्हणजे दार उघडं असताना बोर्ड त्यामागे जाणार. आधी वायरमन बोलवून तो दुसऱ्या बाजूला घ्या. चॅनल लिंटेलच्या (दारावरच्या आडव्या तुळईच्या) काँक्रीटमध्ये अँकर फास्टनरने बसवायला सांगा. नुसत्या विटेत गिट्टी मारून स्क्रू पिळले तर वजनाने सुटतात. चॅनलच्या टोकाला स्टॉपर बसलाय का, हेही मिस्त्री असतानाच ओढून बघा.