औषधाच्या दुकानात पैसे कार्डाने द्यावेत की मोबाइलने?

प्रश्न (सांगली):
आईची औषधे दर महिन्याला एकाच दुकानातून आणते आणि पैसे यूपीआयने देते. मागील महिन्यापासून ‘मधुमेहाच्या गोळ्या संपत आल्या असतील’ असे संदेश मला येऊ लागले आहेत. मी त्यांना नंबर कधीच दिला नव्हता. पण काउंटरवरचा क्यूआर मालकांच्या स्वतःच्या खात्याचा आहे आणि माझा यूपीआय आयडी म्हणजे माझा मोबाइल नंबरच आहे, त्यामुळे तो तिथूनच गेला असावा. आईच्या आजाराची माहिती अशी कुणाच्या यादीत जावी, हे मला मान्य नाही. कार्ड वापरले तर हे टळेल का?

उत्तर १ (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक):
ताई, दुकानदारापुरते बोलायचे तर टळेल. यंत्रावर कार्ड लावल्यावर त्याच्या पावतीवर साधारणतः शेवटचे चारच अंक उमटतात, तुमचा मोबाइल नंबर त्याच्याकडे जात नाही. ऑनलाइन खरेदीतही १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे विक्रेत्याला कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन, म्हणजे त्या विक्रेत्यापुरताच चालणारा पर्यायी क्रमांक, वापरला जातो. मात्र कोणत्या दुकानात किती रुपये आणि केव्हा दिले, हे बँकेला दोन्ही मार्गांनी कळतेच. यूपीआयमध्ये त्यात ॲप चालवणाऱ्या कंपनीची भर पडते. यूपीआयच ठेवायचे असेल, तर ॲपमध्ये नंबर नसलेला नवा आयडी तयार करून तोच वापरावा. नाव दिसेल, नंबर दिसणार नाही.

उत्तर २ (पुणे):
वरील उत्तर बरोबर आहे, परंतु गोपनीयता केवळ दुकानदारापासून हवी असते असे नाही. संयुक्त खात्याचे पासबुक घरातले सगळे वाचतात, आणि समुपदेशकाकडे किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या बाईला त्या एका ओळीचा खुलासा करावा लागतो. कार्डाने पैसे दिले तरी ती ओळ उमटतेच. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे खात्यातून आधी पैसे भरून ठेवायच्या ॲपमधल्या छोट्या पाकिटात, एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय देता येते आणि शिल्लक ५,००० रुपयांपर्यंत ठेवता येते. पासबुकात प्रत्येक खर्च न दिसता फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. या सोयीविषयी फारसे कुणी बोलत नाही, याचे मला वाईट वाटते. ॲपमधील यादी मात्र राहते, म्हणून फोनचे कुलूप स्वतःपाशीच हवे.

उत्तर ३ (कोल्हापूर):
पुढचा विचार करता, रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर येथे डिजिटल रुपयाचा, म्हणजे नोटांप्रमाणे तिनेच काढलेल्या डिजिटल चलनाचा, किरकोळ व्यवहारांसाठीचा प्रयोग सुरू केला. त्याआधीच्या संकल्पना-टिपणात लहान व्यवहारांना रोखीसारखी अनामिकता देण्याचा विचार मांडला होता, तो प्रत्यक्षात कितपत टिकतो यावर माझे लक्ष आहे. तोवर आजाराशी संबंधित खरेदी मी रोखीने करतो. शिवाय ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वीज आणि नेटवर्क गेले, तेव्हा खिशातल्या नोटाच चालल्या.

प्रश्नकर्ती:
नवा आयडी तयार केला आहे. दुकानदाराच्या यादीतून जुना नंबर काढून घेण्यासाठी तोंडी सांगणे पुरेसे होईल, की लेखी अर्ज द्यावा?

उत्तर १:
लेखी द्या, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.