मदत हवी आहे : दुधाला विरजण लागत नाही, मांसावर पांढऱ्या रेघा, मुलाला हे द्यावे की नाही?

शुभ्ररेघ :
गेले चार दिवस दुधाला विरजण लागलेले नाही. रात्री विरजण लावते आणि सकाळी भांड्यात पातळ दूध, वर चिकटसर पापुद्रा आणि तळाशी विरजणाच्या गुठळ्या, एवढेच हाती येते. जनावरांना दिलेली प्रतिजैविके दुधात उतरली की दही लागत नाही, असे वाचनात आले. याच आठवड्यात आणलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसावर स्नायूंच्या धाग्यांना समांतर अशा पांढऱ्या रेघा होत्या आणि एक भाग तर सुरीला लाकडासारखा लागला. हा संप्रेरकांच्या इंजेक्शनांचाच परिणाम असणार. घरात लहान मूल आहे. मला लांबलचक चर्चा नको, दोन सरळ उत्तरे हवी आहेत : उकळल्याने दुधातील प्रतिजैविके नष्ट होतात का, आणि हे दूध व मांस मुलाला द्यावे की बंद करावे? कृपया लवकर सांगावे.

दूधतंत्र :
पहिल्या प्रश्नाचे उत्तर : बहुतांश प्रतिजैविके घरच्या उकळीने नष्ट होत नाहीत. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे हे पाश्चरीकरणाचे प्रमाण रोगजंतू मारण्यासाठी ठरवलेले आहे, औषधांचे अंश काढण्यासाठी नव्हे. विरजणातील जिवाणू पेनिसिलिनला फार लवकर बळी पडतात, हेही खरे आहे. पण म्हणूनच दही आणि चीज करणाऱ्या कारखान्यांना असे दूध परवडत नाही आणि टँकर रिकामा करण्यापूर्वी त्यातील नमुना तपासला जातो. मी अनेक वर्षे हे काम केले आहे. तपासणीच्या एका प्रकारात नळीत उष्णताप्रेमी जिवाणू आणि जांभळा रंगसूचक असतो. दूध घालून नळी ६४ अंशांवर सुमारे तीन तास ठेवायची. जिवाणू वाढले तर आम्ल तयार होऊन रंग पिवळा होतो, आणि जांभळाच राहिला तर दूध नाकारायचे. बेंझिलपेनिसिलिनसाठी कोडेक्सची, म्हणजे अन्नाची जागतिक प्रमाणे ठरवणाऱ्या आयोगाची, आंतरराष्ट्रीय मर्यादा दर किलो दुधाला केवळ ४ मायक्रोग्रॅम आहे.

तरीही तुमचे दही त्याच कारणाने लागत नाही, असे एवढ्या माहितीवर म्हणता येणार नाही. दूध कोणत्या प्रकारचे आहे, विरजण कुठून घेतले, विरजण लावताना दूध किती कोमट होते आणि भांडे कुठे ठेवले, हे काहीच तुम्ही लिहिलेले नाही.

गोठ्याकाठी :
एवढ्या तपासण्यांची वेळच का यावी? माझा अनुभव साधा आहे. ओळखीच्या गोठ्यातून धारोष्ण दूध घ्यावे आणि न उकळता प्यावे. मी तीस वर्षे असेच दूध पीत आहे, त्याचे दही सुरीने कापावे असे लागते आणि घरात कोणी आजारी पडलेले नाही. कारखान्यातील दुधात जिवंत असे काही उरतच नाही.

निवृत्त पशुवैद्य :
वरील सल्ला कृपया पाळू नये. धागाकर्तींनी मुलाचे वय लिहिलेले नाही आणि इथे सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेला, गोक्षयाचे जंतू, लिस्टेरिया आणि ई. कोलाय ओ१५७ पसरू शकतात, आणि शेवटच्या जंतूमुळे पाच वर्षांखालील मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. गाय निरोगी, गोठा झाडलेला आणि मालक प्रामाणिक असला, तरी शेणाचा एक न दिसणारा कण यासाठी पुरतो. प्रौढ माणसाने तीस वर्षांत पचवलेले दूध लहान मुलाला पचेलच, असे नाही.

दुसरे, लहान गोठ्यात औषधे नसतात हा समज मी स्वतः सडात औषधाच्या नळ्या सोडल्या असल्यामुळे मान्य करू शकत नाही. कासदाह, ज्याला गोठ्यात दगडी म्हणतात, लहान गोठ्यातही होतो आणि त्यावर तीच औषधे लागतात. उपचारानंतर ठरलेले दिवस ते दूध बाजूला काढायचे असते. ते काढले नाही, तर मोठ्या टाकीत ते हजारो लिटरांत मिसळून विरळ तरी होते. एकाच गायीचे दूध घेणाऱ्या घरात तेच सगळे मुलाच्या पेल्यात येते.

गोठ्याकाठी :
आपण दिवस पाळायला सांगितले असतील, तर चांगले गोठेवाले ते पाळतातही. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्याचा चेहरा दिसतो त्याला जाब विचारता येतो. पिशवीला जाब विचारता येत नाही.

निवृत्त पशुवैद्य :
जाब विचारण्याबाबत मी आपल्याशी सहमत आहे. न उकळण्याबाबत मुळीच नाही.

आता मांसाविषयी. पांढऱ्या रेघा आणि लाकडासारखा भाग हे दोन्ही स्नायूंचे विकार आहेत. झिजलेल्या स्नायुतंतूंच्या जागी चरबी आणि संयोजी ऊतक भरते आणि त्याचीच रेघ दिसते. हा संसर्ग नाही आणि माणसाला त्याची बाधा होत नाही. मात्र त्या मांसात चरबी अधिक, प्रथिने कमी आणि शिजल्यावर चिवटपणा जास्त असतो, म्हणजे दर्जाची तुमची तक्रार रास्त आहे. कारण संप्रेरके नसून निवड पद्धतीने केलेली पैदास आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७ पासून जपलेला कोंबड्यांचा वाण आणि २००५ चा व्यापारी वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले, तेव्हा ५६ व्या दिवशी पहिल्याचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम आणि दुसऱ्याचे ४,२०२ ग्रॅम भरले. हा फरक कोणत्याही सुईने पडलेला नाही. वाढीचे संप्रेरक प्रथिन असल्याने खाद्यातून दिले तर पचून जाते, आणि हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा टोचणे कोणालाच परवडणारे नाही.

संदर्भशोधक :
संप्रेरकांचा विषय कोंबडीपुरता मिटला, तरी गायींच्या बाबतीत तो मिटलेला नाही. दूध वाढवणाऱ्या कृत्रिम संप्रेरकाला अमेरिकेने १९९३ मध्ये मान्यता दिली आणि कॅनडाने १९९९ मध्ये ती नाकारली. नाकारण्याचे मुख्य कारण गायींना होणारा कासदाह आणि लंगडेपणा हे होते. प्रतिजैविकांबाबतही आपण सगळे दुधातल्या अंशांवर अडकलो आहोत, मोठा धोका प्रतिरोधाचा, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देईनासे होण्याचा, आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या पर्यायांपैकी एक असलेले औषध. जिवाणूला त्याच्यापासून वाचवणारे आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारे जनुक चीनमधील डुकरांत व मांसात सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. असे जिवाणू मांस तपासताना औषधाचा अंश शून्य आला तरीही त्यावर असू शकतात.

आणि दूधतंत्र यांना आदराने विचारावेसे वाटते की, तपासणीवर एवढा विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे प्लास्टिक बनवण्याचे रसायन मिसळल्याचे उघड झाले, कारण प्रथिनांची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजत होती आणि मेलामाइनमध्ये वजनाच्या ६६ टक्के नायट्रोजन असतो. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि ६ दगावली.

दूधतंत्र :
आपले म्हणणे मी नाकारत नाही. चाचणी जे शोधायला बनवली आहे तेच शोधते, आणि फसवणारा नेमके तेवढेच चुकवतो. त्यामुळे चाचण्या बदलाव्या लागतात आणि त्या घटनेनंतर मेलामाइन वेगळे शोधले जाऊ लागले. पण यातून तपासणीच नसलेले दूध अधिक सुरक्षित ठरत नाही.

हिरवी वाट :
दूध आणि मांस दोन्ही सोडून द्या, प्रश्नच मिटेल. मुलाला बदामाचे दूध सुरू करा. आम्ही दोघांनी दोन वर्षांपूर्वी बदल केला आणि आमची प्रकृती उत्तम आहे.

शुभ्ररेघ :
मी सरळ उत्तर मागितले होते आणि इथे चीन, कॅनडा सगळे आले. तरी उत्तरे देते. मूल दहा महिन्यांचे आहे. दूध जाड कागदी खोक्यातील, महिनोन्महिने टिकणारे आहे. घरचे विरजण संपल्यामुळे गेल्या आठवड्यात बाहेर ठेवले तरी टिकणारे विकतचे दही आणले आणि त्यातील चमचाभर वापरते. दूध खोक्यातून थेट भांड्यात ओतते, ते निर्जंतुकच असते ना?

दूधतंत्र :
मग कारण बहुधा हातात आले आहे. त्या दह्याच्या डब्यावर आंबवल्यानंतर उष्णताप्रक्रिया केली असे छापले आहे का, ते पाहावे. तसे असेल तर त्यातील जिवाणू मेलेले आहेत, आणि मेलेल्या विरजणाने कोणतेच दूध लागणार नाही. खोक्यातील दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेले असते, त्यामुळे त्यात स्वतःचे जिवाणूही नसतात आणि सगळी भिस्त विरजणावरच राहते. निर्जंतुक असले तरी ते थंड आहे. बोट बुडवल्यावर सुखद ऊब लागेल इतके, साधारण ४२ अंशांपर्यंत, कोमट करावे. दोन वाट्या घ्याव्यात, दूध तेच ठेवावे, एकीत हे दही आणि दुसरीत जिवंत विरजण घालून शेजारी शेजारी ठेवाव्यात. दुसरी लागली, तर विरजण अडवण्याइतके प्रतिजैविक दुधात नाही, असे समजावे. त्याहून कमी अंश असेल की नाही, हे मात्र वाटी सांगू शकणार नाही.

निवृत्त पशुवैद्य :
दहा महिने हे वय पहिल्याच ओळीत हवे होते. अमेरिकन बालरोग अकादमीसारख्या संस्था बारा महिन्यांपूर्वी गायीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये असे सांगतात, कारण त्यात लोह कमी असते आणि प्रथिने व क्षारांचा भार मूत्रपिंडावर पडतो. हे कारखान्याच्या दुधाला आणि गोठ्यातील दुधाला सारखेच लागू आहे. थोडे दही किंवा शिजवलेल्या अन्नातील दूध हा वेगळा विषय आहे. बदामाचे दूध या वयाला दुधाची जागा घेऊ शकत नाही. मूल सध्या मुख्यतः काय पिते, हे बालरोगतज्ज्ञांना सांगून त्यांचे मत घ्यावे.

मांस द्यायचे असेल तर आतपर्यंत ७४ अंश तापेल असे शिजवावे आणि अगदी बारीक करून द्यावे. प्रतिरोधी जिवाणूही या तापमानाला मरतात. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण उडालेल्या थेंबांबरोबर जंतू ओट्यावर आणि बाळाच्या वाटी-चमच्यावर जातात.

शुभ्ररेघ :
काल रात्री दोन वाट्या लावल्या. शेजारणीकडच्या विरजणाची वाटी सकाळी घट्ट लागली होती, तिरकी केली तरी हलली नाही. विकतच्या दह्याची वाटी तशीच पातळ आहे आणि डब्याच्या तळाशी बारीक अक्षरांत उष्णताप्रक्रियेचा उल्लेख सापडला. कच्चे मांस मात्र मी रोज धूत होते, बाळाच्या बाटल्या वाळतात त्याच ओट्यावर. मूल मुख्यतः आईचेच दूध पिते आणि गेल्या महिन्यापासून दिवसातून दोनदा खोक्यातील दूध देत होते, ते आज थांबवले असून उद्या डॉक्टरांकडे जात आहे. कोंबडी विकणाऱ्यांना प्रतिजैविकांबद्दल नेमके काय विचारावे?

निवृत्त पशुवैद्य :
औषध आजारी कळपाला उपचार म्हणून दिले जाते, की निरोगी पक्ष्यांना सरसकट खाद्यातून, एवढे लेखी विचारावे. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर २००६ पासून बंदी घातली आणि जानेवारी २०२२ पासून निरोगी कळपांना सरसकट देणेही थांबवले, म्हणजे हा प्रश्न अवाजवी नाही. शेवटचे औषध दिल्यानंतर किती दिवसांनी पक्षी कापला, हेही विचारावे. उत्तर आले, तर इथे शब्दशः द्यावे.

गोठ्याकाठी :
मीही आमच्या गोठेवाल्याला हेच दोन्ही प्रश्न विचारून सांगतो. दूध उकळायचे की नाही, यावर माझे मत अजून तेच आहे, पण बाळाच्या बाबतीत ते मी मागे घेतो.