माला-एन उशिरा सुरू केली, भरवसा कधीपासून धरायचा?

केजची सून:
आशाताईंनी माला-एन या पाळणा लांबवायच्या रोजच्या गोळ्यांचं पाकीट दिलं होतं, पण घरात पाव्हणे असल्यामुळं ते ट्रंकेतच राहिलं. पाळी येऊन आठवडा उलटल्यावर परवा रात्री पहिली गोळी घेतली. मालक चाकणला कंपनीत आहेत, तीन दिवसांनी महालक्ष्म्यांना येणार. जाऊबाई म्हणायल्यात, आख्खं पाकीट संपल्याशिवाय गोळी लागू पडत नाही. मेडिकलवाला म्हणला, दुसऱ्या दिवसापासून बिनधास्त. खरं कुणाचं? लेकरू दोन वर्षांचं आहे, अंगावर पीत नाही. दुसरं इतक्यात नको.

उदगीरवाली:
मी छाया ही दुसरी गोळी घेते, त्यामुळं माला-एनचं ठाऊक नाही. पण मेडिकलवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नको बाई.

निवृत्त सिस्टर, परभणी:
दोघांचंही खरं नाही. पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केली असतीस, तर पहिल्या गोळीपासूनच भरवसा होता. त्यानंतर सुरू केली की ओळीनं ७ दिवस गोळ्या जाईपर्यंत सोबत निरोध लागतोच. बीज सुटणं थांबायला तेवढे दिवस जातात. मालक येतील तेव्हा तुझे सात भरलेले नसतील, म्हणून निरोध वापरा. उपकेंद्रात फुकट मिळतो. गावात मागायची लाज वाटत असेल तर त्यांनाच चाकणहून आणायला सांग, तिथं कोण ओळखतंय त्यांना!

आता खरं काम गोळी न चुकवण्याचं. माझ्या नोकरीत बायका पाकीट कुठं कुठं दडवायच्या: ज्वारीच्या कणगीत, देव्हाऱ्यामागं, एकीनं तर शिलाई मशीनच्या खणात. सासूला दिसू नये म्हणून ठेवलेलं, मग स्वतःलाही दिसायचं नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या अन् पुरणाच्या राड्यात तू हमखास विसरशील, म्हणून मोबाईलला गजर लाव.

एक चुकली तर आठवल्याबरोबर घे, त्या दिवशीची नेहमीच्या वेळेला घे, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर आठवल्याबरोबर एक घेऊन पुढं चालू ठेव, पण ७ दिवस पुन्हा निरोध. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर आणखी एक घ्यावी लागते.

टीबीच्या औषधातली रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या हिचा जोर कमी करतात. असलं काही चालू असेल तर डॉक्टरला आधी सांग. बीपी मोजलंस का? बीपी वाढलेलं, अर्धशिशीआधी डोळ्यापुढं चमकणारं, पायात रक्ताची गाठ झालेली, पस्तिशीपुढं बिडी ओढणारी, अशा बाईनं ही गोळी स्वतःच्या मनानं घेऊच नये.

उदगीरवाली:
सिस्टर, छायाचं पण सांगा की. आमच्याकडं बऱ्याच जणी दसरा झाला की ऊसतोडीला जातात, त्यांना रोजची गोळी जमत नाही.

निवृत्त सिस्टर, परभणी:
छायात संप्रेरक नसतं, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली गोळी आहे ती. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पुढं आठवड्याला एकच. अंगावर पाजणारीलाही चालते. पाळी मात्र लांबते, त्याला घाबरू नये. १५ दिवसांच्या वर लांबली तर लघवीची तपासणी करावी. अन् कारखान्यावर जाताना पुढच्या महिन्यांचीही पाकिटं सोबत न्या, कोप्यांवर आयत्या वेळी कुठं शोधणार?

केजची सून:
सिस्टर, शेवटच्या ७ वेगळ्या रंगाच्या आहेत, त्या टाळल्या तर चालतंय का?

निवृत्त सिस्टर, परभणी:
त्या लोहाच्या आहेत, गर्भ रोखायचं काम आधीच्या २१ करतात. पण घेच, अंगात रक्त भरतं अन् रोजची सवय मोडत नाही. पाळी त्याच दिवसांत येईल. अठ्ठाविसावी झाली की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मग पाळी चालू असो की नसो. ते आशाताईकडून आत्ताच मागून ठेव.