ले माँस बघताना एलएमजीटी३ गटाकडे कसं बघावं?

फोंडेकर७७
यंदा फ्रान्समधली ले माँसची चोवीस तासांची मोटारशर्यत पूर्ण बघायची आहे. फॉर्म्युला वन कळतं, पण एलएमजीटी३ गटात, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्सकारवरून बनवलेल्या जीटी३ गाड्यांच्या गटात, गोंधळ होतो. पोर्शे ९११चं इंजिन मागे, फेरारी २९६चं मध्ये, मर्सिडीजचं पुढे आणि तेही ६.२ लिटरचं. तरी सगळ्या इतक्या जवळजवळ कशा धावतात? आणि एकच गाडी तासाभराने अचानक मंद का होते?

म्हापसा_पॅडॉक
कारण बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, बोलताना बीओपी. जीटी३ गट २००६ साली सुरू झाला तो याच पायावर. प्रत्येक मॉडेलला किमान वजन आणि ताकदीची मर्यादा ठरवून देतात. डब्ल्यूईसीत, म्हणजे ले माँस जिचा भाग आहे त्या जागतिक मालिकेत, ड्राइव्हशाफ्टवर टॉर्क सेन्सर असतात, त्यामुळे चाकांपर्यंत किती ताकद पोचते ते थेट मोजलं जातं. मर्यादा ओलांडली की दंड.

पण स्वभाव राहतोच. आर्नाजसारख्या मंद वळणातून सुटताना पोर्शेचा भार मागच्या चाकांवर असतो, म्हणून ती चटकन उचलते. तेव्हा नुसता लॅप टाइम बघू नका, सेक्टरचे, म्हणजे ट्रॅकच्या एकेका भागाचे, वेळ बघा.

मंद होणारी गाडी बहुधा ब्रॉंझ चालकाच्या हातात गेलेली असते. मोटारशर्यतींची जागतिक संघटना एफआयए चालकांना ब्रॉंझ (सगळ्यात खालची, बहुतेक हौशी चालकांची), सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी श्रेणी देते आणि या गटात प्रत्येक गाडीत एक ब्रॉंझ लागतोच. त्याने ठरावीक वेळ चालवायलाच हवं. नवखे बघणारे इथेच फसतात: पुढे असलेल्या गाडीच्या ब्रॉंझचे तास अजून बाकी असतील, तर ती आघाडी खरी नव्हे. वहीत प्रत्येक गाडीच्या ब्रॉंझचा वेळ मांडत गेलात, तर पहाटेपर्यंत चित्र साफ होतं.

दाबोळी_सेक्टर३
त्यात भर घालतो. मागून हायपरकार, म्हणजे सगळ्यात वेगवान गटातली गाडी, येते तेव्हा जीटीवाल्याने आपली रेषा सोडायची नसते, वाट पुढे जाणाऱ्याने शोधायची. अनमोड घाटात ट्रकवाला सरळ आपल्या बाजूने जातो तेव्हा आपल्याला ओव्हरटेक सोपं जातं, तसंच. बिचकून बाजूला झाला की टायर कडेला साचलेल्या रबराच्या गोळ्यांवर जातात. त्या टायरला चिकटतात, गाडी थरथरते, पकड सुटते आणि पुढचं ब्रेकिंग चुकतं. डब्ल्यूईसीत टायर आधी तापवून ठेवणारे वॉर्मर चालत नाहीत, टायर थंड असतात, म्हणून पिटमधून निघाल्यावरचा पहिला लॅपही डोळ्यात तेल घालून बघा.

सुरुवात तिथे दुपारी चारला, म्हणजे आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसात. तिथला सूर्यास्त आपल्या रात्री दीडच्या सुमारास. जूनचा पाऊस आहे, इन्व्हर्टर आधीच चार्ज करून ठेवा.

फोंडेकर७७
मनापासून आभार, वही काढतोच! त्याआधी सरावाला काही छोटं?

म्हापसा_पॅडॉक
जर्मनीचं डीटीएम, तिथली मोटारशर्यतींची मालिका. २०२१पासून तिथे जीटी३च्याच गाड्या आहेत, एका गाडीला एकच चालक आणि शर्यत साधारण तासाभराची. ब्रॉंझचा हिशेब नाही, त्यामुळे बीओपी आणि टायर एवढ्यावरच लक्ष राहतं. आपला अर्जुन मैनीही त्याच वर्षापासून तिथे धावतोय.