सोहम मोरे की मिहिर मोरे? आडनावाशी जुळणारे नाव निवडण्याबाबत सल्ला हवा आहे

भांडुपचे बाबा:

आम्हाला मागच्या आठवड्यात मुलगा झाला असून येत्या रविवारी बारसे आहे. आमचे आडनाव मोरे. पत्नीच्या मनात गरोदरपणापासून 'सोहम' हे नाव आहे आणि मलाही ते आवडते. परंतु काल रात्री बाळाला मांडीवर घेऊन मी पूर्ण नाव दोन-तीनदा मोठ्याने म्हटले, तेव्हा स्वयंपाकघरातून आईने विचारले, "सोह मोरे? हे कसले नाव?" तेव्हापासून मला ते नाव तसेच ऐकू येऊ लागले आहे. पत्रिकेप्रमाणे मघा नक्षत्राचे दुसरे चरण असल्याने 'मी' अक्षर आले आहे, म्हणून आईने 'मिहिर' सुचवले. मात्र नाव आणि आडनाव दोन्ही 'म'पासून सुरू झाली तर ते कानाला खटकेल, असे पत्नीला वाटते. नाव आडनावाशी जुळते की नाही, हे नेमके कशावरून ठरवावे?

मराठीच्या शिक्षिका, परळ:

आपल्या आईंच्या कानांनी अगदी अचूक टिपले आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण लिहितो, पण बहुतेक वेळा उच्चारत नाही. 'अमित' हे बोलताना 'अमित्' होते आणि 'सोहम' तर मुळात संस्कृतातील 'सोऽहम्' असल्यामुळे तिथे म् आधीपासूनच पाय मोडलेला आहे. त्यापुढे लगेच 'मोरे'चा म आला, की दोन म एकमेकांत मिसळतात आणि घाईने हाक मारताना त्यांपैकी एक गळून पडतो. 'वीर राणे', 'अमित तावडे', 'ईशान नेने' या जोड्यांतही हेच घडते. मुलींची नावे बहुधा आ किंवा ई या स्वरांत संपतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न स्वराने सुरू होणाऱ्या आडनावाशी येतो: 'रेवा आगाशे' पटकन म्हणून पाहा, 'रेवागाशे' होते.

'मिहिर मोरे'मध्ये मात्र सांध्यावर र् आणि म येतात, जे वेगवेगळे ऐकू येतात. दोन्ही शब्दांच्या आरंभी म असणे हा अनुप्रास आहे आणि आरंभीचा अनुप्रास कानाला सहसा गोडच लागतो; खटकते ती सांध्यावरची पुनरुक्ती. 'आदित्य', 'चैतन्य' यांसारख्या जोडाक्षरात संपणाऱ्या नावांचा शेवटचा 'अ' मात्र आपण उच्चारतो, म्हणून ती जवळपास कोणत्याही व्यंजनापुढे मोकळी राहतात.

लांबीकडेही लक्ष द्यावे. 'लता मंगेशकर' या नावात दोन अक्षरांमागे लांब आडनाव येते आणि तोल सुरेख साधतो. मोरे, राणे, साने अशा दोन अक्षरी आडनावांना माझ्या मते तीन-चार अक्षरी नाव अधिक शोभते. अर्थही तपासावा. 'मयूर मोरे'मध्ये मोर दोनदा येतो, तर 'गौरी काळे'मध्ये गोरे आणि काळे एकत्र येतात. वर्गात हजेरी घेताना अशा नावांवर मुले हसतात, आणि त्या मुलीची मान खाली गेलेली मी पाहिली आहे.

दोन मुलींचे वडील, बोरिवली:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण फक्त नाव आणि आडनाव म्हणून पाहू नका. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरवून दिला आहे, तेव्हा चारही शब्द सलग म्हणून पाहा. नाव आईच्या नावाच्या पहिल्या अक्षराशीही जुळायला हवे.

दुसरे म्हणजे, मुंबईत नाव अनेक भाषिकांच्या तोंडी जाते आणि बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत लिहिले जाते. आमच्या इमारतीत एका 'प्रज्ञेश'चे मराठी, हिंदी आणि गुजराती असे तीन उच्चार होतात, कारण 'ज्ञ' प्रत्येकजण आपापल्या रीतीने म्हणतो. 'आर्य' आणि 'आर्या' रोमनमध्ये सारखेच दिसतात. माझ्या धाकटीच्या अर्जावर घाईत मीच एक अक्षर चुकीचे लिहिले आणि ते दुरुस्त करण्यासाठी मला अर्धा दिवसाची रजा घेऊन दोन खेपा माराव्या लागल्या.

बारशापर्यंत ठरले नाही तरी काळजी करू नका. जन्माची माहिती 21 दिवसांत देणे आवश्यक असले, तरी नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

आजी, गिरगाव:

बाळा, मघाची अक्षरे मा, मी, मू, मे अशी आहेत. नक्षत्रावरून येणारे नाव पाळण्यात कानात सांगून व्यवहारात वेगळे नाव ठेवण्याची पद्धत आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, म्हणून केवळ अक्षरासाठी सुनेचे मन मोडू नये. नऊ महिने तिने ते नाव मनाशी जपले आहे. पण एक सांगावेसे वाटते: मघा नक्षत्र सिंह राशीत येते, सिंहेचा स्वामी सूर्य, आणि मिहिर म्हणजेच सूर्य. वराहमिहिरांच्या नावातला मिहिर तोच. हे तिला शांतपणे सांगून पाहा, आणि आधी तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या.

भांडुपचे बाबा:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पत्नीला गॅलरीत उभे करून मी इमारतीच्या खालून दोन्ही नावांनी हाका मारल्या. 'सोहम मोरे' तिला वर 'सोमोरे' असे ऐकू आले, तर 'मिहिर' पहिल्याच हाकेत स्पष्ट पोहोचले. सूर्याचा अर्थ कळल्यावर ती बराच वेळ बाळाकडे पाहत राहिली आणि मग तिनेच चारही शब्द दोनदा म्हणून पाहिले. तिचे नाव 'स'पासून सुरू होते, त्यामुळे तिथेही अडचण आली नाही. रविवारी माझी बहीण पाळण्याजवळ बाळाच्या कानात मिहिर हे नाव सांगेल. घरात मात्र त्याची आई त्याला सोहमच म्हणणार आहे, आणि ते मलाही हवे आहे.